आधी पापड, मग घास

पेशंट सांभाळायची कामं मी बरीच केली, पण ज्या पेशंटची भाषाच आपल्याला येत नाही अशी ड्युटी सिंधी वस्तीच्या कॅम्प पाचमधल्या त्या घरापर्यंत कधी घेतली नव्हती. घ्यायचीही नव्हती. कामं देणाऱ्या नर्सिंग ब्युरोच्या मॅडम फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "सिंधी फॅमिली आहे, तुला हिंदी येतंच की." मॅडमचा आवाज गोड झाला की ओळखायचं, आधीच्या बायका काम सोडून पळाल्यात. तरी मी हो म्हटलं. आनंदनगरच्या कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सुटल्यापासून ही ड्युटीच माझं घर चालवत होती. मनातल्या मनात मॅडमचा उद्धार करत मी अंबरनाथहून शेअर रिक्षात बसले.

खाली जीन्स शिवायचा छोटा कारखाना आणि वर घर. मुलगा आणि सून दोघंही दिवसभर खाली. वर पलंगावर अम्मा. अर्धांगवायूच्या झटक्याने तिचा उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि जीभ जड झाली होती. सून म्हणाली, पूर्वी मम्मी फाडफाड हिंदी बोलायच्या, भाजीवाल्याशी मराठीत भांडायच्या. झटक्याने हिंदी नेली, मराठी नेली. उरली ती फक्त सिंधी, तीही तुटकी, एकेक शब्द ओढून काढल्यासारखी.

पहिल्या दिवशी सुनेने अम्माच्या पलंगाशेजारीच माझ्यासमोर भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास ठेवला. मी हात जोडून परत केला. "नहीं भाभी, मैं कुछ नहीं लेती." ब्युरोचा नियमच तसा. पेशंटच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. पाण्याची बाटली माझी, डबा माझा. दुपारी मी डबा घेऊन मागच्या गॅलरीत जायची, कारण पेशंटसमोर जेवू नये हाही नियम. सुनेने दुसऱ्या दिवसापासून विचारलं नाही. बरं झालं, असंच मला वाटलं.

भाषेचं म्हणाल तर मी हट्टी आहे. येत नाही म्हटलं की मला ते यायलाच पाहिजे असतं. येता-जाता सुनेकडून एकेक शब्द घेतला. 'वेह' म्हणजे बस. दुखण्याला 'सूर' म्हणतात हे ऐकून मला हसू आलं, पण अम्माने डावा हात गुडघ्यावर ठेवून पहिल्यांदा "सूर" म्हटलं आणि मी बरोबर तिथेच तेल लावलं, तेव्हा दोघींनाही बरं वाटलं. पाणी मात्र त्यांचंही पाणीच, तेवढं एक नशीब. लघवीला जायचं असलं की पलंगावर दोन टिचक्या. कूस बदलायची असली की डोळे खिडकीकडे. आठवडाभरात आमची गाडी रुळावर आली.

फक्त जेवण सोडून. खिचडी मऊ, घोटून, पातळ करून आणायची, अम्माला ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्यायची, चमचा ओठाला लावायचा. सगळं पेशंट सांभाळायच्या कोर्समध्ये शिकवलं तसं. आणि अम्मा ओठ मिटून घ्यायची. मग डावा हात उचलायची, स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवायची आणि म्हणायची, "पापड." एवढा एक शब्द स्पष्ट यायचा.

सुनेला विचारलं तर तिने कपाळाला हात लावला. "पूरी जिंदगी पापड के बिना नहीं खाया. अब डॉक्टर ने मना किया है ना, गले में अटक जाएगा. मत देना दीदी, कितना भी बोले." तिने पापडाचा डबा फडताळात अगदी वर ठेवून दिला. मग आमचा रोजचा तमाशा सुरू झाला. ती म्हणणार पापड, मी म्हणणार बंद आहे अम्मा. मी चमचा पुढे करणार, ती तोंड फिरवणार. कधी दोन चमचे जायचे, कधी तेही नाही. गोळ्या पाण्यात विरघळवून कशाबशा द्यायच्या. मी लाडीगोडी लावली, रागावले, गाणंसुद्धा म्हटलं. माझं गाणं ऐकून कुणीही तोंड मिटेल, ते सोडा.

पण खरं सांगायचं तर मला आतून वेगळंच टोचत होतं. मी काम करायला लागले तेव्हा पहिल्याच घरात माझा कप वेगळा होता, खिडकीत उपडा ठेवलेला. तेव्हापासून कुणी माझ्या हातचं खाईना की मनात पहिली शंका तीच येते. या घरात कुणी माझी जात विचारली नव्हती. पण माझ्या मोबाईलच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो तर अम्माला रोज दिसत होता. अंघोळ माझ्या हातून चालते, अंग पुसलेलं चालतं आणि घास तेवढा चालत नाही का? एक दिवस मी वाटी जरा जोरातच टेबलावर आपटली. अम्मा माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही मी हट्टातच मोजलं.

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. वजन उतरलंय, गोळ्या नीट पोटात जात नाहीत. "शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," ते म्हणाले. हे ऐकून मुलगा जिन्यात जाऊन उभा राहिला. हॉस्पिटलमध्ये नळी घातली होती तेव्हा अम्माने ती डाव्या हाताने उपसून काढली होती. मग तिचा तो हात पलंगाला बांधून ठेवला होता. तिच्याकडे चालणारा एवढा एकच हात, आणि तोही बांधलेला. मुलगा मला म्हणाला, "दीदी, कुछ भी करो, पर मुझे फिर से मम्मी का हाथ नहीं बांधना." माझा सगळा राग त्या वाक्यापुढे विरला. तरी करायचं काय, ते मला कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधली अम्माची एक जुनी मैत्रीण भेटायला आली. सून वर आली, फडताळातून डबा काढला, गॅसवर पापड भाजला आणि पाण्याबरोबर पाहुणीसमोर ठेवला. पाहुणीने तो गप्पा मारता मारता खाल्ला. मी वाट बघत होते, आता अम्मा पापडासाठी हात पुढे करेल. तिने केला नाही. ती नुसती बघत होती, पापड संपेपर्यंत. चेहरा असा, की घरातलं एखादं काम वेळेवर झालं. मी हातातली वाटी सवयीने पुढे केली आणि अम्माने तोंड उघडलं. अर्धी वाटी गेली. सून म्हणाली, "सहेली आई ना, मम्मी खुश है."

मला ते पटलं नाही. पाहुणी गेल्यावर मी अम्माजवळ बसले. दाराकडे बोट दाखवून विचारलं, "पापड? अम्माला?" तिने मान हलवली, नाही. मग मी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "मला?"

अम्माने डोळे मिटले, उघडले, आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "पापड," ती म्हणाली. मग, "वेह." बस, आणि पापड खा. इतके दिवस ती हेच सांगत होती.

तिच्या बाजूने बघायला गेले तर काय दिसतं? एक बाई रोज घरी येते. घरातल्या सुनेने पुढे केलेला पापड परत करते. पाणी स्वतःचं पिते, डबा भिंतीआड जाऊन खाते. मला वाटत होतं, हिला माझ्या हातचं नको. आणि तिला वाटत होतं, हिला माझ्या घरचं नको. दारात आलेल्या माणसाला पापड-पाणी दिल्याशिवाय जिने आयुष्यात घास घेतला नसेल, ती माझ्या हातून घास कशी घेणार? मला इतकं रडू आलं की नाक पुसायला तिचाच नॅपकिन घ्यावा लागला.

ब्युरोचा नियम गेला खड्ड्यात. मी स्टुलावर चढून डबा काढला, पापड भाजला, एका बाजूने जरा करपलाच, आणि अम्मासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांच्याच ग्लासात पाणी घेतलं. मिरीचा ठसका लागला तशी अम्मा हसली, तोंडाच्या एकाच बाजूने. शेवटचा तुकडा संपेपर्यंत तिने माझ्यावरून नजर काढली नाही. मग तिने स्वतःहून हनुवटी खाली घेतली आणि तोंड उघडलं. त्या दिवशी वाटी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी मीच मॅडमना फोन केला. म्हटलं, या घरात खाल्ल्याशिवाय ड्युटीच होत नाही, तक्रार आली तर माझ्या नावावर लिहा. मॅडमचा आवाज या वेळी गोड नव्हता, पण त्यांनी मला काढलंही नाही.

शनिवारी डॉक्टर आले. घाईत होते, नळीचं पाकीट बॅगेतून काढूनच खोलीत शिरले. वजन थोडंसंच वाढलं होतं, तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसेना. "माझ्यासमोर भरवा," ते म्हणाले. मी वाटी आणली. मुलगा दाराला टेकून उभा होता, हात छातीशी घट्ट बांधून. सुनेने रीतीप्रमाणे डॉक्टरांसाठी पापड भाजून आणला आणि ताटली त्यांच्यापुढे केली.

अम्माचा डावा हात मध्ये आला. तिने ताटलीची कड धरली आणि ती हळूहळू ओढत माझ्या बाजूला आणली. सून गडबडली, "मम्मी, डॉक्टर साहब के लिए है." अम्मा ऐकेना. "वेह," ती मला म्हणाली. आता डॉक्टरांसमोर कसं बसायचं! पण मी बसले. इतकी घरं केली, इतक्या पेशंटना भरवलं, पण आधी तू खा असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी पापड मोडला आणि एक तुकडा तोंडात टाकला. अम्माने उरलेली ताटली डॉक्टरांकडे सरकवली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तेही खुर्चीत बसून पापड खाऊ लागले.

मग अम्माने तोंड उघडलं. एकेक चमचा, प्रत्येक घास गिळून, ठसका न लागता. अर्धी वाटी झाल्यावर डॉक्टरांनी हात झटकले आणि नळीचं पाकीट न फोडताच बॅगेत परत टाकलं.