लखनौचं कोकम

सुनीतीबाई तेंडोलकरांना विचारा, लखनौचा हिवाळा कसा असतो? त्या सांगतील, "जाड असतो." कारण तो त्यांनी सगळा रजईच्या आतूनच पाहिलेला! नवरा रेल्वेत इंजिनिअर, म्हणून कुडाळची ही बाई लग्न होऊन इकडे आली आणि पहिल्याच जानेवारीत तिनं जाहीर केलं, की अंगणात ऊन आल्याशिवाय आपण उंबरा ओलांडणार नाही. निवृत्तीनंतर शहराबाहेर बख्शी का तालाबकडे छोटंसं घर बांधलं, मागच्या दाराला लागून मोहरीची शेतं, तरी नियम काही मोडला नाही.

रमाकांतरावांचं सगळं उलट. अंधारात उठायचे, मफलर गुंडाळायचे आणि दाराशी जाऊन हाक मारायचे.

"अगं, ये तरी एकदा. काय धुकं पडलंय बघ."

"धुक्यात बघायचं काय? काही दिसत नाही म्हणूनच त्याला धुकं म्हणतात ना?"

मग एकटेच जायचे बिचारे.

त्यात तीन वर्षांपूर्वी त्यांनी कोकमाचं रोप आणलं. थेट कुडाळहून, गाडीत मांडीवर घेऊन. लखनौत कोकम! शेजारी हसले, सुनीतीबाईंनी तर कपाळाला हात लावला. इथं कडक थंडीत पानांवरचं दव गोठतं आणि नाजूक झाड होरपळल्यासारखं काळं पडतं. पण हा माणूस हट्टाला पेटलेला. संध्याकाळी रोपाभोवती जुनी सोलापुरी चादर गुंडाळायची, पहाटे ती काढायची आणि ऊन यायच्या आत बोअरच्या कोमट पाण्यानं पानं धुवायची. वर त्याच्याशी मालवणीत गप्पा! रोप कंबरेइतकं झालं. रमाकांतरावांचा जीव होता त्याच्यात.

यंदा थंडीची लाट आली आणि नेमका तेव्हाच रमाकांतरावांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी दम भरला, अंथरूण सोडायचं नाही. दुसऱ्या पहाटे सुनीतीबाईंना जाग आली तर हे पलंगावरून पाय सोडून मोजे चाचपताहेत.

"कुठं निघालात?"

"कोकम... आज फार गारठा आहे गं. जाईल ते."

"झोपा! मी जाते."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. पण आता शब्द गेला होता. स्वेटरवर स्वेटर चढवून, तोंडानं पुटपुटत, मागचं दार उघडून बाई बाहेर आल्या आणि तिथंच थबकल्या.

जग नव्हतंच. कुंपण नाही, शेत नाही, रस्ता नाही. सगळीकडे पांढरं, मऊ, हळूहळू सरकणारं काहीतरी. शेवग्यावरून टप टप थेंब पडत होते, पाऊस नसताना. तारेवर कोळ्याचं जाळं होतं, त्याचा धागा न् धागा भिजलेला. आपला श्वास तोंडातून बाहेर पडून त्या पांढऱ्यात मिसळतोय हे बघून सुनीतीबाईंनी मुद्दाम आणखी एकदा फुंकर मारली. मग आणखी एकदा. कुणी बघायला नव्हतं, म्हणून बरं! दूर कुठंतरी सारस ओरडला आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या जोडीदारणीनं साद दिली. मग दुधाच्या सायकलची घंटी आली, माणूस दिसलाच नाही, नुसता आवाज आला, "अम्मा, आज बाबूजी नहीं आए?"

"तबियत ठीक नहीं है, भैया," त्या धुक्यालाच म्हणाल्या.

मग त्यांनी चादर काढली. कोकमाची सगळी पानं काळी पडली होती. हात लावला तर शेंडा मऊ, उकडल्यासारखा. तरी त्यांनी पाणी घातलं, पान न् पान धुतलं. काही उपयोग नव्हता. तीन वर्षांचं झाड एका रात्रीत गेलं होतं आणि आत पलंगावर तो माणूस वाट बघत होता. पुन्हा चादर गुंडाळून त्या आत आल्या.

"कसं आहे?"

"मस्त आहे. त्याला काय धाड भरलीय?"

खोटं बोलल्या खऱ्या, पण आता ते निभवायला हवं. दुसऱ्या दिवशी उठल्या, तिसऱ्या दिवशीही. मेलेल्या झाडाला पाणी घालायचं आणि आत येऊन त्याची खुशाली सांगायची. पण नुसतं "बरं आहे" किती दिवस सांगणार? म्हणून त्या बाकीचंही सांगू लागल्या. परीट पक्षी शेपटी हलवत अंगणभर फिरतो, अगदी तुमच्या साहेबांसारखा. सूर्य आज आलाच नाही, नुसती पिवळी खूण उमटली आणि गेली. मोहरीची फुलं दिसायच्या आधी वास येतो. सांगता सांगता चहा गार व्हायचा. रमाकांतराव रजईत पडून ऐकत राहायचे. त्यांच्याकडे बघून बाईंना मात्र रडू यायचं. बरा झाल्यावर हा माणूस बाहेर जाणार, मग कसं तोंड दाखवायचं?

ती सकाळ आलीच. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि रमाकांतराव मफलर गुंडाळून दाराशी उभे राहिले. सुनीतीबाई आडव्या आल्या.

"थांबा. अहो, मी खोटं बोलले. झाड गेलं. मी बाहेर गेले त्या पहिल्याच पहाटे."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतं ना! भर दुपारी चादर गुंडाळलेली. जिवंत झाडाला कुणी दुपारी चादर घालतं का?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून... आणि मी वेड्यासारखी रोज गारठ्यात... बोलला का नाहीत हो?"

रमाकांतरावांनी दार उघडलं. धुकं आत आलं.

"बोललो असतो, तर तू दुसऱ्या दिवशी उठली असतीस?"

सुनीतीबाईंना खरं तर राग यायला हवा होता. त्यांनी खुंटीवरची शाल घेतली आणि नवऱ्याच्या आधी बाहेर पडल्या.