आमेनपर्यंतचा हात

आमच्या विद्यापीठाचे प्रेसिडेंट कुणालाही नोकरीवरून काढताना त्याचा हात हातात घेऊन प्रार्थना करत. समोरचा डोळे मिटून उभा, आणि हे त्याच्यासाठी देवाकडे नवी वाट मागताहेत. ‘आमेन’ म्हटलं की लगेच हात सोडत. हात सुटला की नोकरी सुटली.

मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. अमेरिकेत इंडियानातल्या त्या इव्हँजेलिकल पंथाच्या विद्यापीठात कॉम्प्युटर विभागात होते. काढलेल्या माणसाचं खातं बंद करायचं आणि लॅपटॉप परत आणायचा, ही कामं माझ्याकडे. घरी आले की आमचे हे विचारत, "आज कुणाची प्रार्थना?" आम्ही हसायचो खरं, पण आमचा व्हिसाही त्याच नोकरीवर होता.

विद्यापीठ प्रेसिडेंटच्या वडिलांनी काढलेलं. गावोगाव तंबू ठोकून प्रवचनं करणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिला वर्ग मक्याच्या कोठारात भरवला होता. ही कथा प्रेसिडेंट दर सप्टेंबरला चॅपलमध्ये सांगत, आणि कोठाराचं छप्पर दर वर्षी थोडं जास्त गळे. शेवटी म्हणत, "हे माझं नाही, प्रभूचं आहे. मी नुसता राखणदार."

त्या कोठारात शिकलेले एकच प्राध्यापक उरले होते, ग्रीक शिकवणारे म्हातारे कार्ल. प्रेसिडेंटना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा कार्लनी चॅपलमध्ये अमेरिकन सैनिकांबरोबरच तिथे मेलेल्या इराकी लोकांसाठीही प्रार्थना केली. विश्वस्त खवळले, कार्लना काढा म्हणाले. प्रेसिडेंट आठवडाभर टाळाटाळ करत राहिले आणि शेवटी नमले. लॅपटॉप घ्यायला मी दारात उभी होते. प्रेसिडेंटनी हात पुढे केला, पण कार्लनी तो घेतला नाही. "माझ्यासाठी नको," ते शांतपणे म्हणाले, "तुझ्यासाठी कर."

कार्ल मुलीकडे राहायला गेले आणि त्याच हिवाळ्यात वारले. प्रेसिडेंट अंत्यविधीला गेले, तर मुलीने त्यांना मागच्या बाकावर बसवलं. मला त्यांचा राग होता, तरी हे ऐकून वाईट वाटलं.

त्यानंतर त्यांनी कुणाला काढलं नाही. विश्वस्तांनी आणखी दोन तरुण प्राध्यापकांची नावं पुढे केली, तेव्हा ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणाले. मग विश्वस्तांनी त्यांनाच काढलं. विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणाले म्हणे, "तुम्हीच सांगत आलात, तुम्ही नुसते राखणदार." अध्यक्षांना विमान गाठायचं होतं, त्यामुळे प्रार्थना राहून गेली.

लॅपटॉप आणायला मलाच पाठवलं. वडिलांच्या फोटोखाली ते कोट घालून बसले होते. लॅपटॉप त्यांनी स्वतःच माझ्याकडे सरकवला.

"माझ्यासाठी कुणी प्रार्थना केली नाही," ते म्हणाले. "तू करशील? तुझ्या भाषेत कर."

मी त्यांचा हात धरला आणि माझे वडील नगरला आजाऱ्यांच्या उशाशी करत तशी साध्या मराठीत प्रार्थना केली. कार्लचं नावही घेतलं. तेवढा एकच शब्द त्यांना कळला असावा, कारण तो त्यांनी माझ्यामागून म्हटला.

मी आमेन म्हटलं. तेही म्हणाले. हात मात्र त्यांनी सोडला नाही.