चौलकर काकांची साडेसाती आणि पाटलांची भावकी

आमच्या फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये खिडकीजवळचं एक टेबल आहे. तिथे आम्ही चौघं जेवतो आणि जेवता जेवता एकमेकांचे देव काढतो. भांडण म्हणून नव्हे, तोंडी लावायला! किस्से इतके साठलेत की कुठला घरी सांगितला आणि कुठला राहिला, हे आता नवऱ्यालाच विचारावं लागतं.

मी क्वालिटीत आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेते. सगळे मला अक्का म्हणतात. डिस्पॅचचे पाटील पेठ वडगावजवळच्या खेड्यातले. भट्टी चालू असली तरी त्यांचं बोलणं गेटपर्यंत ऐकू जातं. ड्रॉइंगचे चौलकर काका कोकणातले, मऊ बोलणारे, रिटायरमेंटला आलेले. बायको वारल्यापासून एकटेच. मुलगा परदेशात, ‘तिकडेच या’ म्हणून मागे लागलेला. काका ‘बघू’ म्हणायचे. ते ‘बघू’ ऐकलं की पाटलांची एक भाकरी कमी जायची आणि मला काही सुचायचं नाही.

चौथा टायलर, अमेरिकेतल्या कस्टमरने पाठवलेला उंचापुरा, निळ्या डोळ्यांचा इंजिनिअर. पाटलांनी पहिल्याच दिवशी त्याचा ‘तायाप्पा’ केला. आता आमच्यात राहून आमच्यासारखंच मराठी बोलतो.

*

काका शनिवारी कधीच कामावर नसायचे. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी सोमवारी. काकांनी मात्र साहेबांना सांगून शनिवार घेतलेला, आणि सोमवारी रिकाम्या ऑफिसात एकटे येऊन बसायचे. आम्ही समजायचो, शनिवार करतात, मारुतीचा. कुणीतरी साडेसाती म्हटलं आणि तेच पक्कं झालं. मी तर मारुतीच्या नारळाचं खोबरं त्यांच्यासाठी आठवणीने ठेवायचे.

एकदा पाटलांना राहवलं नाही. "काका, साडेसातीबी साडेसात वर्षांत सुटती की! तुमची अकरा वर्षं झाली, अजून हायच?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "पाटील, मी ज्यू आहे. आमची तीन हजार वर्षं चाललीय."

आमचे घास तोंडात तसेच! एस. ई. चौलकर म्हणजे सदाशिव एकनाथ, असं आम्ही धरून चाललो होतो. निघाले सॉलोमन एलियाहू! मुलगा परदेशात म्हणजे इस्रायलमध्ये!

"मग माझ्या खोबऱ्याचं काय केलंत?" मी ओरडलेच.

"शेजारणीला द्यायचो. ती मला फार धार्मिक समजते."

*

तायाप्पाचा धक्का वेगळाच. चहा नको. कॉफी नको. पाटलांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणून ‘संध्याकाळचं’ विचारलं. तेही नको! तो मॉर्मन, त्यांच्या धर्मात यातलं काहीच चालत नाही.

"च्याबी न्हाय? च्यानं कुठल्या देवाचं काय बिघडलंय?" पाटलांना खरंच वाईट वाटलं. पावणा येऊन चहा न घेता बसलाय, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

शेवटी त्यांनी त्याला दूध कट्ट्यावर नेलं. समोर म्हैस पिळली आणि फेसासकट ग्लास हातात दिला. तायाप्पाने एका दमात संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि विचारलं, "छान आहे की! गरम कुणी केलं?"

"म्हशीनं!"

*

मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही, हे काकांनी सांगितल्यापासून मी धसका घेतला होता. तिघांना घरी जेवायला बोलावलं. सुकं मटण, तांबडा, पांढरा, सगळं केलं. सगळे बसले, काकांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि मी किंचाळले.

"काका, थांबा! दूध आहे त्यात!"

वाटी हिसकावून घेतली. निम्मा रस्सा टेबलावर सांडला. नवरा उभाच राहिला. मला रडू यायला लागलं. माणसाने तीन हजार वर्षं सांभाळलेला धर्म माझ्या घरी बुडाला!

काकांनी शांतपणे विचारलं, "कसलं दूध?"

"नारळाचं."

"अक्का, नारळ कधी व्याला?"

पाटील खुर्चीवरून पडायचे तेवढे बाकी होते. "आम्हीपण मटणात नारळाचंच दूध घालतो," काका म्हणाले आणि उरलेली वाटी परत मागून घेतली.

*

एकदा विषय पार प्राचीन काळात गेला. तायाप्पा म्हणाला, त्यांच्या पोथीप्रमाणे फार पूर्वी जेरुसलेमहून एक कुटुंब बोटीने अमेरिकेला गेलं. काका म्हणाले, आमचेही पूर्वज तिकडूनच बोटीने निघाले. अलिबागजवळ बोट फुटली. वाचले त्यांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे.

"एक बोट अमेरिकेला, एक अलिबागला!" पाटलांनी कपाळाला हात लावला. "वाट इचारायला वाटंत कुणी भेटलंच न्हाय व्हय?"

तायाप्पा जरा लाजत म्हणाला, त्यांच्यात प्रत्येकाला सांगतात, तू इस्रायलच्या कुठल्या वंशाचा. तो एफ्राईमचा!

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या गोऱ्या पोराकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "हा? माझा भाऊबंद?"

"म्हंजे तुमी दोघं भावकी!" पाटलांना केवढा आनंद. "मग गावाकडच्या जमिनीचं कसं? बांधावरनं काय..."

"पाटील," काका म्हणाले, "तेवढं सोडून बोला."

*

तायाप्पाच्या धर्मात पूर्वजांची नावं शोधणं म्हणजे पुण्यकर्म. त्याने मोबाइलवर आपली वंशावळ दाखवली. त्यातल्या एका आजोबांना चार बायका!

"आता बंद आहे की ते," तो बिचारा सांगत राहिला.

पाटील महिनाभर हसत होते. "चार! आन् तेबी च्या न पिता!" मग म्हणाले, "आमच्या गावात हेळवी येतोय. खरं घराणं कसं असतंय, ऐकायला चल."

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारा. पूर्वी बैलावरून यायचा, आता मोटारसायकलवरून येतो. बैलाची घंटा हँडलला बांधलेली! आम्ही सगळेच गेलो. पाटलांच्या सोप्यात बसून त्याने मूळ पुरुषापासून सुरुवात केली, मुलं, नातवंडं, आणि पाटलांच्या पणजोबांपाशी आला. "बाळोजीला बायका तीन. थोरली लक्ष्मी, मधली गंगू, धाकटी तानू..."

पाटलांच्या आईने तोंडाला पदर लावला. तायाप्पाने हळूच विचारलं, "पाटील, तुम्ही कुठल्या आज्जीचे?"

पाटील तिथून उठून गोठ्यात गेले.

हसणं ओसरल्यावर काकांनी विचारलं, "आमचं कुणी सांगेल का हो असं?"

"गाव?"

"चौल. त्याआधी जेरुसलेम."

"त्यो भाग माझ्याकडं न्हाय," हेळवी गंभीरपणे म्हणाला.

काका हसले, पण मला ते हसणं बघवेना. "बायको इथल्या मातीत, मुलगा तिकडे," ते मला म्हणाले. "मी गेलो काय, राहिलो काय. इथे माझं नाव कोण घेणार?"

पाटील गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. "का न्हाय घेणार? हेळवीबाबा, ह्यांस्नी आमच्यात घाला. थोरल्या घरात! सॉलोमन, बापाचं नाव एलियाहू."

हेळव्याने दोनदा पुटपुटून बघितलं. मग मूळ पुरुषापासून पुन्हा सगळं म्हणत आला आणि शेवटी जोडलं, "यल्लाप्पाचा सोलामन."

काकांनी दुरुस्त केलं नाही. चष्मा मात्र दोनदा पुसला. मला तर पदर शोधावा लागला.

*

परवा जेवताना काकांच्या मुलाचा फोन आला. हात खरकटा म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, तिकीट काढू ना?"

आम्ही तिघांनी चावणं थांबवलं.

"नको रे," काका म्हणाले. "आता निघणं जमायचं नाही. पाटलांच्या भावकीत नाव लागलंय माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटणी झाल्याशिवाय गाव सोडता येत नाही."

पाटलांचा घास हातातच राहिला. "वाटणी?"

तायाप्पाने ताकाचा ग्लास खाली ठेवला. "काकांच्या भावकीत मी पण आहे की!"