मिठाच्या तीन राशी

चित्र काढण्याआधी ते उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या बाहीला पुसत. मग कंटेनरच्या मागच्या दारावरच्या धुळीत मागच्या चाकापासून सुरुवात करत. "गारीची ताकद मागं असते, बाय. पुढं नुसतं तोंड." मागचं चाक, पाठ, छप्पर, काच, बॉनेट आणि सगळ्यात शेवटी पुढचं चाक. बोट मध्ये उचलत नसत. गाडी पूर्ण झाली की तिच्याखाली तीन छोटे त्रिकोण काढत आणि हात झटकत.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर तुम्ही कधी ट्रेलरच्या मागे अडकला असाल, आणि त्या रस्त्यावर अडकण्याखेरीज फारसं काही करता येत नाही, तर त्यांचं एखादं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. काढणारा कोण, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. मी इथे त्यांचं नाव देत नाही. तेव्हाही दिलं नव्हतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ते उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. चौतीस वर्षं ट्रेलर चालवला. सगळे ड्रायव्हर त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मी नागावची. घरी नारळाची वाडी, वडील शिक्षक. एका वर्तमानपत्रासाठी बंदर, रस्ते आणि वाहनं या विषयांच्या बातम्या देते. आठवड्यातून दोनतीनदा स्कूटर घेऊन रेवसहून तरीच्या बोटीने करंजाला उतरायचं आणि दिवसभर त्या भागात फिरायचं, असं माझं काम.

पहिली भेट एका अपघाताच्या जागी झाली. ट्रेलर आणि टेम्पोची धडक होती, कोणाला फार लागलं नव्हतं. दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी बोलत होते आणि हवालदाराला पंचनाम्यात काय लिहावं ते कळत नव्हतं. मामा मागून चालत आले, बोट बाहीला पुसलं आणि जवळच्या कंटेनरच्या दारावर सगळा प्रसंग काढून दाखवला. कोण कुठून आला, ब्रेकच्या खुणा कुठे सुरू होतात, कुठे संपतात. हवालदाराने ते जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं आणि मग थांबला.

"हे खालचे डोंगर कुठले?"

"डोंगर न्हाय सायेब, मीठ हाय. मिठाच्या राशी."

"इथे कुठे आहे मीठ?"

"आता न्हाय. आदी व्हतं. तुमी उभं हाय तिथं पन व्हतं."

हवालदाराने त्रिकोण खोडले. मामा हसले. त्यांच्या घरची मिठागरं बंदराच्या जागेत गेली होती. लहानपणी ते राशीवर चढून रस्त्यावरच्या गाड्या बघत. त्यामुळे त्यांच्या लेखी प्रत्येक गाडीच्या खाली मीठच असायचं. ही त्यांची सही होती. मी ती पहिल्या दिवसापासून ओळखत होते.

त्यांची चित्रं दूर जात. एकदा नागपूरच्या डेपोतून कोणा ड्रायव्हरने फोटो पाठवला: जुनी जीप, खाली तीन राशी. मामांनी तो टपरीवर सगळ्यांना दाखवला. "आपली गारी नागपूरला पोचली. आनि मी अजून फाट्यावरच."

मग त्यांच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. लांबचा पल्ला बंद झाला. त्याच सुमारास बंदरात चाचणीच्या दोन गाड्या उतरल्या. बाजारात यायला त्यांना अजून अवकाश होता. खाऱ्या हवेत पत्रा आणि रंग कसे टिकतात, हे बघायला त्या किनाऱ्याच्या रस्त्यावर चालवायच्या होत्या. त्या बंद ट्रकमधून न्यायच्या, उतरवायच्या, मागोमाग राहायचं आणि परत आणायच्या, हे काम एका वाहतूक कंत्राटदाराकडे आलं. त्याने मामांना निवडलं. मामांनी ब्रेक लावला तर केबिनमधल्या पेल्यातला चहा हिंदकळत नसे. सगळ्या यार्डात हे माहीत होतं.

अट एकच होती, गुप्तता. कामावर येताना मोबाइल पिशवीत घालून जमा करायचा. फोटो नाही, चर्चा नाही.

हे मला नंतर कळलं. मी गाडी पाहिली ती अचानक. सकाळी स्कूटरवरून रेवदंड्याकडे चालले होते. चौलच्या वळणावर समोरून एक गाडी आली. आकार ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या अंगावर काळ्यापांढऱ्या नक्षीची फिल्म चिकटवलेली. बॉनेट लांब, पाठ फुगीर, दिवे गोल, आवाज खोल आणि सावकाश. जुन्या वळणाची, दांडग्या इंजिनाची मसल कार. रस्त्याच्या कडेने सुपारी घेऊन चाललेला माणूस सायकल टेकवून उभा राहिला. मी मोबाइल काढेपर्यंत गाडी गेली होती.

तिच्या मागून बंद ट्रक आला. चालवत होते मामा. एरवी मला पाहिलं की ते दोन छोटे हॉर्न देत. त्या दिवशी त्यांनी सरळ समोर पाहिलं. त्यावरूनच मला समजलं की त्यांना सगळं माहीत आहे.

दोन दिवसांनी फाट्यावरच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. ट्रक बाजूला रिकामा उभा होता.

"मामा, परवा चौलला हॉर्न दिला नाहीत."

"कवा? मी तर घरीच व्हतो."

"तुमच्यापुढे झेब्र्यासारखी एक गाडी होती."

"झेब्रा व्हय? मग वनखात्याला इचारा ना, बाय."

टपरीवाला हसला. मीही हसले आणि विषय सोडल्यासारखं केलं. मामाच मग आपण होऊन बोलले, पण गाडीबद्दल नाही. काम संपण्याच्या दिवशी तिथला इंजिनियर त्यांना एक फेरी मारून आणणार होता, रेवदंड्याच्या पुलापर्यंत. "चालवायला न्हाय, नुसतं बसायला. पुढं, डायवरच्या बाजूला. उमर गेली माझी, पन त्या बाजूच्या सीटवर कवा बसलोच न्हाय." त्या दिवसासाठी सुनेने शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला होता. किती दिवस राहिलेत, असं मी विचारलं. नऊ, ते म्हणाले.

हे सगळं मला माहीत होतं. क्रमाने सांगते आहे ते यासाठी, की नंतर कोणी म्हणू नये मला कल्पना नव्हती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एक युक्ती शिकवली होती. माणूस बोलत नसेल तर विचारायचं नाही. त्याच्यासमोर चुकीचं विधान करायचं आणि तो दुरुस्त करेल याची वाट पाहायची. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "तशीही ती साधीच वाटली मला. फिल्म काढली तर खाली काही नसेल. उगाच गाजावाजा."

"साधी?"

"म्हणजे, पाठ तर अगदी रिक्षासारखी."

मामांनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या घरातल्या मुलीला कोणी नाव ठेवलं की दिसतं, तसं काहीतरी होतं. ते उठले, ट्रकच्या मागच्या दाराशी गेले आणि बोट बाहीला पुसलं.

फिल्म फाटली म्हणून शेडमध्ये बदलली, तेव्हा त्यांनी गाडी उघडी पाहिली होती. आम्ही रस्त्यावर जे पाहत होतो तो फुगवटा खोटा होता, आत फोम भरला होता. खरी पाठ वेगळीच होती. ती त्यांच्या बोटाखाली येऊ लागली. आखूड, मागे किंचित वर उचललेली, कोपऱ्यात तीन उभे दिवे. "जुना पैलवान हाय, बाय. नवा लंगोट घालून आलाय." पुढचं चाक झालं. खाली तीन राशी झाल्या. मग ते माझ्याकडे वळले.

"तुमच्यापुरतं हां."

मी मान हलवली. समोरच्याला होकार वाटावा आणि आपण बांधले जाऊ नये, अशी मान हलवायला बातमीदाराला वेळ लागत नाही. मामा पेले परत करायला टपरीवर गेले. तेवढ्यात मी फोटो काढला. ते परत आले, खांद्यावरच्या टॉवेलने दार पुसलं आणि ट्रक घेऊन गेले. चित्र आता फक्त माझ्या मोबाइलमध्ये होतं.

बातमीत मी त्यांचा उल्लेखही केला नाही. फोटोतून ट्रकचा नंबर कापला. फोटोखाली ओळ दिली: 'प्रत्यक्ष पाहणाऱ्याने काढलेली आकृती'. पान लावणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "खालचे डोंगर कापू का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. म्हटलं, "राहू दे. ते काढले तर गाडी हवेत तरंगल्यासारखी दिसते."

माझ्याकडून झालेली चूक ही एवढ्या एका वाक्याची आहे. बाकी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही, त्याला दुसरा शब्द आहे.

सकाळी दहाच्या आत ड्रायव्हरांच्या ग्रुपवर पान फिरलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. 'मामा छापून आले!' 'मामाची गारी पेपरात!' एकाला खात्री पटेना, तर दुसऱ्याने जुनी चार चित्रं टाकली, प्रत्येकाखाली तीन राशी. टपरीवर पेढे वाटले गेले. मामा कामावर जायला म्हणून फाट्यावर उतरले तेव्हा पोरांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. कशाबद्दल, ते त्यांना तिथे कळलं. कंत्राटदाराचा मुकादम त्याच ग्रुपवर होता. दुपारी ट्रकची चावी काढून घेतली.

मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले. तरीवर बसून माफीची दोन वाक्यं जुळवली होती. त्यांत 'जर' हा शब्द होता: जर माझ्यामुळे तुम्हाला काही त्रास झाला असेल तर.

मामा ओट्यावर होते. सुनेने माझ्यासमोर चहा ठेवला आणि ती लगेच आत गेली. आत खुंटीला इस्त्रीचा शर्ट दिसत होता. फळीवर वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं. मामांनी ते काढून माझ्यासमोर पसरलं.

"छापायचं व्हतं तर सांगायचं ना, बाय," ते म्हणाले. "नीट काढली असती. हे बग, मागचं चाक ल्हान पडलंय. खरं पुढच्यापरीस मोठं हाय. घाईत काढली."

जुळवलेली वाक्यं मी बोलले नाही. चहा प्याले आणि निघाले.

वर्तमानपत्रात चूक झाली तर खुलासा छापतात. मी तोही विचार केला. पण बातमीत चुकीचं काही नव्हतं. चाकाखेरीज.

पुढे त्यांना रिकामे कंटेनर धुण्याचं काम मिळालं. यार्डात उभं राहून जोराच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचे. मी एकदा तिथे गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत रबरी बूट, समोर धुतलेल्या दारांची रांग. मी विचारलं, हल्ली चित्रं?

"वल्यावर बोट उठत न्हाय," ते म्हणाले आणि पाइप उचलला. तक्रार नव्हती. माहिती होती.

दीडेक वर्षाने ती गाडी बाजारात आली. एका शनिवारी नागावला, आमच्या शेजारच्या होमस्टेमध्ये, कोणा पाहुण्याने आणली. नारळाखाली उभी होती. पाठ मामांनी काढली होती तशीच, कोपऱ्यात तीन उभे दिवे. मी खाली बसून दोन्ही टायरांवरचे आकडे वाचले आणि मामांना फोन लावला.

"मागचं चाक मोठं आहे, मामा."

"मंग? मी काय सांगत व्हतो?"

"तुम्ही या उद्या. मी गाडीच्या मालकाशी बोलते. रेवदंड्यापर्यंत बसवून आणतील."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"नको, बाय," ते म्हणाले. "तवा त्या इंजिनियरनं बसवलं असतं तर बसलो असतो."

यंदा होळीच्या आधी ते गेले. आता त्यांना कामावरून कोणी काढू शकत नाही, म्हणून हे लिहिते आहे. यात धैर्य नाही.

मी भेटायला गेले तेव्हा सुनेने मला घराच्या मागे नेलं. तिथे एक मोडका टेम्पो उभा आहे, चाकं नसलेला, सगळ्या अंगावर धूळ. "शेवटी शेवटी हितं येऊन बसायचे," ती म्हणाली. "पाऊस येईपर्यंत ऱ्हाईल ते."

मागच्या दारावर ती गाडी होती. डोळे गेल्यावर काढलेली, तरी रेघ कुठे तुटली नव्हती. आखूड पाठ, तीन उभे दिवे, आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा मोठं, अगदी बरोबर तेवढंच. मी वाकून खाली पाहिलं.

मिठाच्या राशी नव्हत्या. एक सरळ रेघ होती, गाडी हवेत तरंगू नये एवढ्यापुरती.