पहिल्या नंबरचा मान

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका छापून आल्या की पहिली पत्रिका गावदेवीला जाते. गठ्ठ्यातली वरची काढायची, तिला हळदकुंकू लावायचं, देवळात ठेवून यायची, आणि मग भाऊबंद, सोयरे, कंपनीतली माणसं. देवी लग्नाला आली की नाही हे कुणी बघत नाही, पण तिला आधी न सांगता कुणाचं लग्न झालेलं मला तरी आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मात मी जो घोळ घातला तो यातूनच सुचला होता. निदान तेव्हा मी स्वतःची समजूत तशी घातली होती.

मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीचा निकाल लागला आणि आमच्या पळसदरीच्या घरातली भाषाच बदलली. आमचे हे कुंभिवलीला एका कंपनीत मशीनवर आहेत. मुळात अबोल माणूस. पण त्या महिन्यात जेवताना कट-ऑफ, अंघोळीला जाताना राउंड. पर्सेंटाईल म्हणजे टक्केच असं समजून त्यांनी कंपनीत पेढे वाटले, आणि मुलीने फरक समजावून सांगितल्यावर दोन दिवस कंपनीत तोंड चुकवत फिरले. वाटलेले पेढे परत थोडेच मागता येतात. नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्याला ते 'नॉन-क्रिमिनल' म्हणायचे. मी हसले तर म्हणाले, तहसीलला तीन चकरा मार, मग कळेल नाव बरोबर आहे ते. सगळे दाखले चेनच्या फाइलीत, फाइल देव्हाऱ्याच्या वर, आणि रोज कामावर निघताना ती उघडून एकेक कागद तपासायचा.

मी घरी शिवणकाम करते. त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या आणि वर गिऱ्हाइकावरच डाफरले. रस्त्यात कुणी 'मुलीचं कुठं झालं?' म्हणून विचारलं की मी 'झालं की सांगू' म्हणून पुढे चालू लागायची. सगळ्या पंचक्रोशीने आपल्या मुलीच्या मार्कांवर डोळा ठेवलाय असं वाटायचं. खरं तर त्या दिवसांत सगळे लावणीच्या चिखलात होते, आमच्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

मुलीने वहीच्या पानावर यादी केली होती. चौदा कॉलेजं, एकाखाली एक, पुण्याची सगळ्यात वर. घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर असलेलं कर्जतचं कॉलेज त्यात नव्हतंच. मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, हे का नाही घेतलंस? ती म्हणाली, ते वाईट नाही, पण मला जायचंय आई. मी 'बरं' म्हटलं आणि मशीन चालवायला लागले. त्या दिवशी तीन वेळा दोरा तुटला.

फॉर्म भरायच्या दिवशी तिला ताप भरला. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची, त्यामुळे यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं ते वहीचं पान घेऊन कर्जतच्या बाजारातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात गेलो. टाइप करणारी बाई चटपटीत होती. पान समोर धरलं आणि तिने पहिल्या नंबरवर पुण्याचं कॉलेज घातलंसुद्धा. माझ्या तोंडून निघालं, थांबा, याच्या वर एक घालायचंय.

"काकू, पहिल्या नंबरवर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, पहिला मान गावचा, मग पुण्याची सगळी घ्या. तिने यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत होते. माझ्या हिशेबाने मुलीचे मार्क बघून सरकार काय ते चांगलं कॉलेज देईलच, आपल्या गावचं नुसतं मानाला वर. बाईने खांदे उडवले आणि कर्जतचं कॉलेज एक नंबरवर चढवलं. मग म्हणाली, मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा, म्हणजे फॉर्म लॉक होईल, मग काही बदलता येणार नाही. यांनी मोबाइल काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. रेंज नाही म्हणाले. थोडं थांबलो. पुन्हा तेच. शेवटी बाई म्हणाली, सेव्ह केलाय, उद्या पाचच्या आत येऊन लॉक करा, आणि तिने यादीचा प्रिंट हातात दिला.

घरी आल्यावर मुलीने अंथरुणातूनच प्रिंट मागितला. वाचला. मला वाटलं, आता आरडाओरडा करेल. तसं केलं असतं तर मला बरं पडलं असतं, मी तिच्यावर आवाज चढवला असता. तिने फक्त उशीला टेकून मला शेजारी बसायला सांगितलं. मग शांतपणे समजावलं, की पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं आणि पुढचे सगळे राउंड बंद होतात. कर्जतला तिचे मार्क सहज पुरत होते. म्हणजे ते लागणारच, आणि खालची चौदा नावं कुणी वाचणारसुद्धा नाही.

मी तरी हेका सोडेना. म्हटलं, पहिली पत्रिका देवीला देतो ना आपण, तसा मान दिला, त्यात एवढं काय बिघडलं?

"देवी पत्रिका घेऊन बोहल्यावर उभी राहत नाय ना, आई," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "खरंच मानासाठी केलंस का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मला माझे वडील आठवले. माझं माहेर पोशीरचं. दहावीनंतर मला कर्जतला कॉलेजला जायचं होतं आणि वडील म्हणाले होते, लांब पडतं. पोशीर ते कर्जत, एकाच तालुक्यात! तेही रागावले नव्हते, मारलं नव्हतं, नुसतं लांब पडतं म्हणाले होते आणि तेवढ्यावर माझं शिक्षण संपलं होतं. आज मी तेवढंसुद्धा तोंडाने बोलले नव्हते. देवीच्या आडून केलं होतं.

"नाय गं," मी म्हटलं. "माझ्यासाठी केलं. तू संध्याकाळी घरी यावीस म्हणून."

आणि मला रडू आलं. लाजेनेच आलं जास्त. ताप असलेल्या पोरीने आईच्या पाठीवरून हात फिरवावा, असा तो प्रकार झाला.

इतका वेळ दारात उभे असलेले हे आत आले आणि त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. ओटीपीचा मेसेज होता, दुकानात असतानाच आलेला. "आला व्हता," ते म्हणाले. "मीच नाय सांगितला. म्हटलं, पोरीनं एकदा बघूदे."

माझं रडं जागच्या जागी थांबलं आणि मी त्यांच्यावर घसरले. तिथेच बोलायला तोंड नव्हतं का, चार माणसांत माझं हसं होऊ दिलंत, वगैरे. ते म्हणाले, तिथं बोललो असतो तर तू आणखी दोन गावची कॉलेजं वर घातली असतीस. हे ऐकून मुलगी इतकी हसली की तिला खोकला लागला. माणूस अबोल असला तरी वीस वर्षांत मला पुरता ओळखून आहे.

सकाळी ताप उतरला होता. तिघंही कर्जतला गेलो. टाइप करणाऱ्या बाईने पहिल्या नंबरवर बोट ठेवून विचारलं, हे काढून टाकू? मुलगी म्हणाली, काढू नका, शेवटी घ्या, पंधरा नंबरला. मग माझ्याकडे वळली.

"पत्रिका पहिली देवीला जाते, पण घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात ना? हे आपलं घरचं हाय. कुठंच नाय लागलं तर इथंच येईन."

नवा ओटीपी आला. या वेळी यांनी आकडे असे मोठ्याने वाचले की रस्त्यावरच्या भाजीवालीनेही वळून पाहिलं.

यादी लागली तेव्हा दोन नंबरचं लागलं, पुण्याचं. मुलीला ते हवंच होतं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी संध्याकाळचं रिकामं घरही डोळ्यांपुढे आलं. यातलं आधी काय झालं ते सांगता येणार नाही. प्रिंट मात्र मी पहिला गावदेवीपुढे ठेवून आले, आणि याला घरात कुणाची हरकत नव्हती.

तिला हॉस्टेलवर सोडायला गेलो त्या दुपारी पालकांनाही तिथेच जेवण होतं. मेसच्या बाईंनी सांगितलं, आधी मुली, मग पालक. मुलगी थाळी घेऊन रांगेत गेली. तासाभरापूर्वी ओळख झालेल्या कुठल्याशा मुलीशी बोलत होती. ताट वाढून घेतलं, बसली, आणि जेवायला लागली, माझ्याकडे न बघता. घरी ती पहिला घास घ्यायच्या आधी 'आई, तू?' असं विचारते. मी भिंतीशी उभी राहून तिच्या ताटात काय काय आहे ते बघत होते. भाजीत तिला न आवडणारं वांगं होतं. ते तिने बाजूला काढलं नाही.

हे माझ्याजवळ सरकले. "आपण घरचे," एवढंच म्हणाले.

लग्नघरात शेवटच्या पंगतीला अन्न गार झालेलं असतं, भाजी तळाशी गेलेली असते. माहेरी, सासरी, कितीदा जेवले असेन मी त्या पंगतीत आणि दर वेळी कुरकुरले असेन. पण शेवटी बसणाऱ्याने बाकीचे सगळे पोटभर जेवल्याचं बघितलेलं असतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मुलगी हात धुवून आली. मी तिला विचारलं, पोट भरलं का? ती हो म्हणाली. मग मी ताट घेतलं.