आईसाठी बाबांनी बसवलेले मोठे ब्रेक

मंडळी, आज दुपारी अंबरनाथच्या गॅरेजमध्ये एका गाडीला मोठे ब्रेक बसवताना पाहिले. चाक ब्रेकला घासत होतं, म्हणून मिस्त्रीने मध्ये स्पेसर घातला. स्पेसर म्हणजे चाक थोडं बाहेर सरकवणारी जाड चकती. मला एकदम बाबा आठवले.

नव्वदच्या दशकात आमची जुनी गाडी बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या उतारावर थांबेचना. कशीबशी शेतात घुसली. कोणाला लागलं नाही, पण आई पुन्हा गाडीत बसेना. तिचं माहेर त्याच उतारापलीकडे होतं.

बाबांनी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या बाजारातून मोठे ब्रेक आणले, लेथवाल्याकडून स्पेसर आणि लांब बोल्ट करून घेतले. मग आमच्या हेंद्रेपाड्यात, घराच्या दारासमोर आईला म्हणाले, "तू बसू नकोस, फक्त बघ." गाडी पळवायचे आणि बरोबर तिच्यासमोर थांबवायचे. सगळी गल्ली बघायला जमली.

शेवटी आईच दार उघडून आत बसली. "अहो, पुरे आता. पण उतारावर मी सांगेन तिथे थांबवायची."

"तू सांगशील तिथे."

त्या उतारावर आई उगाचच "थांबवा" म्हणत राहिली, आणि बाबा दर वेळी थांबत राहिले. माहेर येईपर्यंत दोघंही हसत होते.

तुमच्या घरात कोणाची भीती कोणी अशी घालवलीय? सांगा ना.