आप्पा पेंटरची कच्ची भिंत

आप्पा पेंटर काम सुरू करण्याआधीच दमायचे. टेम्पोतून डबे उतरवले, शिडी भिंतीला टेकवली, की ते खाली उकिडवे बसत, भिंतीकडे बघत आणि म्हणत, "दमलो बुवा." अजून ब्रशसुद्धा भिजलेला नसे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा गडी आपला दिवस खाणार. पण एवढं म्हणून झालं की ते शिडीवर चढत, ते ऊन कलल्यावरच उतरत. काम संपल्यावर मात्र दमल्याचं नाव नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "भाऊसाहेब, दमनं आधी उरकून घ्यावं. मागनं त्याला टाइम कुठं मिळतोय?"

सत्तरनंतरची ती वर्षं. दौंडला एका चहाच्या एजन्सीत मी नोकरीला होतो आणि माझं काम होतं भिंती मिळवणं. दौंड आणि शिरूर तालुक्यांत रस्त्याकडे तोंड करून असलेली भिंत दिसली की टेम्पो थांबवायचा, घरमालकाला राम राम घालायचा आणि तिच्यावर आमची जाहिरात रंगवायची परवानगी मागायची. बदल्यात घराची दर्शनी बाजू फुकट चुन्यानं उजळून मिळे, वर चहाचा एक पुडा. घरात लग्न निघालेलं असलं की हे चटकन जमे. एरवी मालक आधी भावाला विचारे, भाऊ चुलत्याला, चुलता पारावर. मी बोलून बोलून थकायचो आणि आप्पा न बोलता. अशी आमची जोडी होती.

आप्पा मूळचे रेल्वेतले. दौंडच्या यार्डात मालडब्यांवर आकडे रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. "आकड्याला तोंड नसतं," म्हणून कंटाळून त्यांनी ते काम सोडलं. कंपनी मुंबईहून एक छापील चित्र पाठवायची. कापलेल्या केसांची एक गोरी बाई, हातात कप, ओठांवर हसू. ती भिंतीवर जशीच्या तशी उतरवायची, असा हुकूम होता. आप्पा ती उतरवायचे, पण काढता काढता तिची हनुवटी, तिचं कुंकू त्या गावातल्या कुणाकुणावर जायचं. कधी ते बाईला टाळतच. यवतच्या एका पिठाच्या गिरणीवर पत्र्याचं पन्हाळ भिंतीबाहेर आलं होतं. आप्पांनी त्याच्यामागे भली मोठी किटली काढली. पन्हाळ म्हणजे किटलीची तोटी. खाली नेम धरून कप काढला. पाऊस आला की किटलीतून धार लागे आणि एस.टी.तली माणसं खिडकीबाहेर माना काढून बघत.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडून परतणारी माणसं त्या किटलीखाली बसून बिड्या ओढत आणि वर बघत. आम्ही तिथून गेलो की कुणीतरी हटकून म्हणे, "आप्पा, तुमची किटली कवा उकळायची?" आप्पा हसत नसत. "दूध आनायला मानूस गेलाय," एवढंच म्हणत. त्या वर्षी आम्ही भिंती कमी रंगवल्या. चहाची जाहिरात वाचणाऱ्याच्या घरी गूळसुद्धा नाही हे दिसत असताना भिंत मागायला जीभ रेटत नसे.

आप्पांना एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्यांच्या चुन्याचा. चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि डिंक पुरता विरघळल्याशिवाय भिंतीला लावायचा नाही. "भित पडंल, पन माझा चुना सुटनार न्हाई," असं ते म्हणत आणि ते खरं होतं. इनामगावला पुण्याहून आलेली मंडळी जुनी वस्ती उकरत होती. तिथं एकदा आम्ही बघे म्हणून थांबलो. चटईवर नक्षीची खापरं वाळत घातली होती. हजारो वर्षांपूर्वीची, म्हणून त्या लोकांनी सांगितलं. आप्पांनी हात मागे बांधून ती वाकून पाहिली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "ह्यांनी डिंक कुठला वापरला आसंल वो?" टेम्पोत बसल्यावरही बराच वेळ ते त्याच विचारात होते.

आयुष्य चहाचे कप रंगवण्यात गेलं, पण आप्पा गावात चहा पीत नसत. "मला सोसत न्हाई," म्हणत. मला ते बरेच दिवस खरं वाटलं. मग एका घरी कारण दिसलं. मला बशीसकट कप आला आणि आप्पांसाठी वळचणीला खोचलेला बिनकानाचा कप खाली काढला गेला. आप्पा दौंडच्या बौद्धवाड्यातले, हे आमच्याआधी त्या घरी पोचलं होतं. त्याच घराच्या भिंतीवर, त्यांच्याच हातचा, पुरुषभर उंचीचा वाफाळता कप होता. "सोसत न्हाई," आप्पा म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले. मी माझा चहा प्यालो. तो मला अजून कडू लागतो.

कवठे येमाईच्या वाटेवर मात्र एक घर वेगळं निघालं. मालक म्हातारे, मिशा पांढऱ्याधोप, सगळे त्यांना आबा म्हणत. भिंतीसाठी त्यांनी पारावर कुणाला विचारलं नाही. त्यांच्या बायकोनं, हौसामावशींनी, चहा आणला. दूध कमी होतं, म्हणून कप दोनच भरले होते. एक मला दिला. दुसरा आबांनी हातात घेतला, अर्धा चहा बशीत ओतला आणि कप आप्पांपुढे धरला. आप्पा म्हणाले, "आबा, मी दौंडचा, बौद्धवाड्यातला." आबा बशीवर फुंकर मारत म्हणाले, "दौंडात चहा पीत न्हाईत व्हय? घ्या, निवंल."

आप्पांनी तो घेतला. मग शिडीवर चढले आणि मुंबईच्या बाईला हातही न लावता आबांना काढलं. एका हातात बशी, फुंकर मारून फुगलेले गाल, आणि दुसऱ्या हातानं कप पुढं केलेला, रस्त्यानं जाईल त्याच्यापुढं. साध्या रंगात नव्हे, भारीतल्या ऑइलपेंटमध्ये. "हे टिकाय पायजे," एवढंच म्हणाले. वसुलीला आलेला सरकारी माणूस असो की मेंढपाळ, त्या भिंतीसमोर तो क्षणभर घुटमळायचा. गावात आमचा पुडा दुसऱ्या कुठल्या चहाला उभा राहू देईना.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. त्यानंतर हौसामावशी रोज सकाळी आपला चहा घेऊन ओट्यावर येऊन बसत, भिंतीला खांदा लावून. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कवाचं कप धरून बसल्यात. एकलं कसं प्यावं मानसानं?" हे सांगताना त्यांचा आवाज रोजचाच होता.

मग कंपनीचे एक अधिकारी गावोगावच्या भिंती बघायला आले. माणूस वाईट नव्हता. यवतच्या किटलीला ते खळखळून हसले, आबांचा त्यांनी फोटो काढला, आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. आणि जाताना सांगून गेले की आता सगळीकडे एकच बाई हवी, एकच हसू, एकच रंग. या आबांपासून सुरुवात करा. पोरीबाळींची लग्नं व्हायची असलेल्या आप्पांना नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा मावशी ओट्यावरच होत्या. मी काय ते सांगितलं. त्या आप्पांकडे पाहत राहिल्या. आप्पा नेहमीसारखे उकिडवे बसले नाहीत. "दमलो" म्हणाले नाहीत. बादलीत चुना घोटू लागले. डिंकाची पुडी टेम्पोतच राहिली होती, ती द्यायला मी गेलो, तर म्हणाले, "राहू द्या." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आबांची मिशी, बशी, पुढं केलेला कप, सगळं त्यांनी आपल्या हातानं पांढरं केलं आणि चुना सुकल्यावर वर मुंबईची बाई काढली. इतकी हुबेहूब त्यांनी कधीच काढली नव्हती. उतरल्यावर मावशींजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मावशी, पाऊस पडू द्या."

ज्येष्ठ-आषाढ सरला तेव्हा बाई पापुद्र्यापापुद्र्यानं गळून पडली होती आणि मागून आबा बशी घेऊन परत आले होते, आधीपेक्षा जरा विटलेले. एजन्सीत बोभाटा झाला. आमचे मालक म्हणाले, "त्या भिंतीला ओल मारते, नाद सोडा तिचा. आणि आप्पा थकला आता. हात गेला त्याचा." पुण्याच्या एका ठेकेदाराची पत्र्याच्या साच्यावर रंग मारणारी माणसं आली आणि आप्पांचं काम सुटलं. ज्याच्या चुन्याची दोन्ही तालुक्यांत शपथ घालावी, त्याच्या नावावर शेवटची भिंत कच्ची लागली.

मी दौंडला त्यांच्या घरी गेलो. खाटेवर पडलेले आप्पा उठून बसले. मी म्हटलं, मी मालकांना खरं काय ते सांगतो.

"काय सांगनार?" आप्पा म्हणाले. "मुद्दाम केलं म्हनून? मंग ते उद्या डिंक घालून मानूस धाडतील. आबा परत दिसायचं न्हाईत."

"पण लोक म्हणतात, आप्पा दमला."

"म्हनू द्या. जलमभर मीच म्हनत आलोय." त्यांनी पाय खाटेखाली सोडले. "आन् आता ते खोटं बी न्हाई, भाऊसाहेब."

त्यांच्या बायकोनं एकच कप चहा आणला. दूध नव्हतं म्हणाल्या, शेजारून आणलं. आप्पांनी कप उचलला, अर्धा चहा बशीत ओतला, बशी आपल्याकडे घेतली आणि फुंकर मारता मारता कप माझ्यापुढे धरला.